बियाण्याचं पक्कं बिल

कपाशीच्या बियाण्याच्या बिलावर वाणाचं नाव, लॉट नंबर, पाकिटांची संख्या आणि किंमत लिहावी लागते. १९८३ च्या बियाणे नियंत्रण आदेशानं विक्रेत्याला असं बिल देणं बंधनकारक केलं आहे. मंगरूळपीरला एका कृषी केंद्रात बरीच वर्षं खरिपाच्या हंगामात मी ही बिलं फाडायला बसत असे, आणि तिकडून सुटलो की आमच्या पाच एकरांत स्वतःची पेरणी करत असे. त्यामुळं काउंटरच्या दोन्ही बाजू मला ठाऊक आहेत. लोक बिल खिशात कोंबायचे, पाऊस आला की ते भिजायचं, आणि सप्टेंबरात झाडाला बोंडं नाहीत म्हणून माणूस परत यायचा तेव्हा त्याच्या हाती ना बिल असायचं ना रिकामी थैली. तेव्हापासून मी बिल देताना प्रत्येकाला सांगत आलो, दादा, हे डब्यात ठेवा. आमच्या मुलखात या कागदाची गरज कशी पडत गेली, ते नीट मांडून ठेवावं असं बरेच दिवस मनात होतं.

माझ्या आजीला बिल लागत नव्हतं. कापूस वेचताना ती चांगल्या झाडाची, टपोऱ्या बोंडांची पहिली-दुसरी वेचणी बाजूला ठेवायची. त्याची सरकी वेगळी काढून राखेत घालून मडक्यात भरायची. पेरणीच्या आदल्या दिवशी ती सरकी शेण आणि मातीच्या काल्यात चोळायची, म्हणजे बियांवरची लव दबून दाणे एकमेकांना चिकटत नाहीत आणि सरत्यातून सरळ खाली पडतात. एकराला पाच-सहा किलो सरकी लागायची. उगवलं नाही तर दोष कुणाचा हा प्रश्नच नव्हता; पाऊस उघडला म्हणायचं आणि शेजाऱ्याकडून पायलीभर सरकी आणून दुबार पेरायचं. ती सरकी परत करायची रीत होती, पैसे द्यायची नव्हती.

पण बियाण्यावर बाहेरच्याचा डोळा काही आजचा नाही. इंग्रजी अमलात मंगरूळ हा वऱ्हाडातल्या बाशीम जिल्ह्यातला तालुका होता. १९०५ साली तो जिल्हा मोडला आणि आम्ही अकोल्यात गेलो. १ जुलै १९९८ ला वाशिम पुन्हा जिल्हा झाला तेव्हा परत आलो. वऱ्हाड १८५३ च्या तहानं निजामाकडून इंग्रजांच्या कारभारात आला, त्यामागे इथल्या काळ्या मातीचा कापूस हे मोठं कारण होतं. १८६० च्या दशकात अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळं मँचेस्टरचा कापूस अडला आणि वऱ्हाडच्या रुईला सोन्याचा भाव आला. लांब धाग्याची 'बनी' लावावी, असा इंग्रजांचा आग्रह होता. मध्य प्रांत आणि वऱ्हाडासाठी कापूस आयुक्त म्हणून नेमलेल्या रिव्हेट-कारनॅक यानं बनीचं बियाणं टिकवण्यासाठी बरीच खटपट केली. शेतकरी मात्र 'जरी'कडे वळत गेला. जरीचा धागा आखूड, पण तिची रुई जास्त उतरते आणि झाड काटक. मँचेस्टरला धागा हवा होता, आमच्या माणसाला पीक हातात यायला हवं होतं. सरकारी कागदांत या शेतकऱ्याला अडाणी म्हटलेलं आहे. मला ते मुळीच पटत नाही. त्याचा हिशेब बरोबर होता, आणि बियाणं त्याच्या घरात असल्यामुळं तो हिशेब त्याला अमलात आणता आला. माझ्या मते सगळा इतिहास या एका गोष्टीवर उभा आहे.

ती गोष्ट हातातून पहिल्यांदा सुटली ती जिनिंगमुळं. घरच्या चरखीवर सरकी काढायचे दिवस संपले, वाफेवरचे जिन आले. आमच्या गावाला रेल्वे नव्हती, आजही नाही. कापसाच्या गाड्या कारंज्याला जायच्या, तिथून शकुंतला नावाच्या छोट्या गाडीनं मूर्तिजापूर. जिनात दहा गावांचा कापूस एकत्र रेचला जाई आणि सरकी एका ढिगात पडे. पेरायला हवी तर त्याच ढिगातली घेऊन यायची. घराघरानं राखलेली निवड अशी काही हंगामांत मिसळून गेली. हे कुणी ठरवून केलं नाही, कुणावर खटला भरता येईल अशीही ती गोष्ट नव्हती. पण शेतकऱ्याच्या घरातली बियाण्याची कोठी रिकामी झाली ती तेव्हापासून.

ती पुन्हा भरायचं काम सरकारी संशोधन केंद्रांनी केलं, हे मी कृतज्ञतेनं लिहितो. अकोल्याला २० ऑक्टोबर १९६९ ला पंजाबराव देशमुखांच्या नावानं कृषी विद्यापीठ आलं, १९७६ साली महाबीज आलं, तेही अकोल्यालाच. दरम्यान १९७० साली सुरतेला डॉ. चंद्रकांत पटेल यांनी 'एच-४' हा जगातला पहिला व्यापारी संकरित कापूस दिला. नंतर आमच्याकडे विद्यापीठाचा संकर आला, नांदेडच्या केंद्राचा 'नांदेड ४४' आला, आणि नांदेड ४४ वर तर अर्ध्या विदर्भाचे संसार चालले. संकरित बियाण्याचं मर्म असं की पहिल्या पिढीत ते जोमानं येतं. त्याचीच सरकी पुढच्या वर्षी पेरली तर एक झाड उंच, दुसरं बुटकं, बोंडं कमी. म्हणजे दर वर्षी विकत आणणं आलं. तरीही आम्ही तक्रार केली नाही, कारण विकणारा महाबीज होता किंवा जालन्याची एखादी कंपनी होती, भाव आवाक्यातला होता, आणि नको वाटलं तर विद्यापीठाचा सुधारित सरळ वाण मिळत होता, ज्याची सरकी घरी ठेवता यायची. पर्याय शिल्लक होता.

२६ मार्च २००२ ला केंद्र सरकारनं बीटी कपाशीला परवानगी दिली. महिकोचे तीन संकरित वाण, आत मोन्सॅन्टो या अमेरिकन कंपनीचं बोंडअळी मारणारं जनुक. महिको म्हणजे बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली जालन्यात उभी केलेली कंपनी, आपल्या मातीतली. १९९८ साली तिनं मोन्सॅन्टोबरोबर भागीदारीत महिको मोन्सॅन्टो बायोटेक ही कंपनी काढली आणि हे जनुक पुढं कितीतरी बियाणे कंपन्यांना परवान्यानं दिलं. ते ज्या कंपनीनं घेतलं तिनं प्रत्येक पाकिटामागे तंत्रज्ञान शुल्क भरायचं, आणि ते अखेर शेतकऱ्याकडून वसूल व्हायचं. ४५० ग्रॅम बीटी आणि सोबत १२० ग्रॅम बिगर-बीटी असं ते पाकीट, सुरुवातीच्या वर्षांत भाव १,६०० ते १,८५० रुपये, आणि त्यातलं सुमारे १,२५० रुपये फक्त शुल्क! पाकिटावर ही फोड लिहिलेली नसायची. मी बिल लिहायचो तेव्हा मलाही ठाऊक नव्हतं की या आकड्यातला बियाण्याचा भाव किती आणि जनुकाचं भाडं किती.

आणखी एक बाब बहुतेकांना आजही ठाऊक नाही. बीटीच्या पहिल्या पिढीतल्या, म्हणजे बोलगार्ड-१ च्या जनुकाचं भारतात पेटंटच नव्हतं. पेटंट मिळालं ते दुसऱ्या पिढीतल्या बोलगार्ड-२ शी संबंधित, २००८ साली. तरीही पहिल्या पिढीवर शुल्क घेतलं गेलं, कारण देशात परवानगी मिळालेलं जनुक त्या काळात तेवढं एकच होतं आणि ज्याला ते हवं त्याला तो करार करावा लागत होता.

बीटी चांगली होती की वाईट, यावर आमच्या चावडीवर अजून भांडणं होतात. माझं मत सांगतो. हिरव्या बोंडअळीसाठी आम्ही हंगामात फवारून फवारून थकलो होतो. पहिल्या काही वर्षांत बीटीनं ती अळी थांबवली, हे मी माझ्या शेतात पाहिलं आहे. माझा राग विज्ञानावर नाही. राग त्या विज्ञानाला दिलेल्या आकारावर आहे. चीनमध्ये आणि अमेरिकेत हे जनुक सरळ वाणांत आलं. आपल्याकडे ते जवळजवळ सगळं संकरित वाणांतच आलं. सरळ वाणात असतं तर पहिल्या वर्षी पाकीट घेऊन दुसऱ्या वर्षी घरची सरकी टोबता आली असती. २००१ च्या पीकवाण संरक्षण कायद्यातलं ३९ वं कलम तर शेतकऱ्याला बियाणं ठेवण्याचा, पेरण्याचा, वाटण्याचा, ब्रँडच्या नावाशिवाय विकण्याचाही हक्क देतं. पण संकराची सरकी ठेवून उपयोग काय! कायद्यानं दिलेला हक्क वाणाच्या रचनेनं काढून घेतला. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेनं 'बिकानेरी नरमा' या सरळ वाणात बीटी आणून पाहिली होती. तिचं बियाणं बाजारात आलं आणि त्यात मोन्सॅन्टोचंच जनुक मिसळल्याचं निघाल्यावर २००९ च्या अखेरीस सगळं थांबलं. एवढं मोठं काम अशा चुकीनं वाया गेलं याचं मला आजही वाईट वाटतं.

अमेरिकेत हेच कुलूप दुसऱ्या तऱ्हेनं लावलेलं आहे. तिथं सोयाबीन सरळच असतं, पण पेटंट आणि करार शेतकऱ्याला ते ठेवू देत नाहीत. इंडियानातले व्हर्नन बोमन नावाचे शेतकरी धान्याच्या कोठारातून आणलेलं सोयाबीन पेरत राहिले, तर २०१३ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं एकमतानं मोन्सॅन्टोच्या बाजूनं निकाल दिला. ८४ हजारांहून अधिक डॉलर भरावे लागले. आमच्या गावातल्या झेरॉक्सवाल्या पोराच्या प्रिंटरमध्ये दुसऱ्या कंपनीचं शाईचं डबडं टाकलं की प्रिंटर ते ओळखतो आणि बंद पडतो. विकत घेतलेली वस्तू आपली कुठवर, हे विकणारा ठरवतो. बियाण्यात हा प्रकार आमच्याकडे प्रिंटरच्याही आधी येऊन पोचला होता.

काउंटरवरचे ते हंगाम सांगितल्याशिवाय हा इतिहास पुरा होत नाही. मे महिन्याच्या शेवटी एखाद्या वाणाची हवा व्हायची. शेलूबाजारकडून, आसेगावकडून माणसं पहाटे येऊन दुकानाच्या पायरीवर बसायची. "भाऊ, मांगच्या सालीचंच द्या, दुसरं नोको," एवढंच मागणं. कंपनीकडून माल यायचा दहा पेट्या, मागणी शंभर पेट्यांची. मग लिंकिंग. मागणीच्या वाणाची दोन पाकिटं हवी तर न खपणाऱ्या वाणाचं एक घ्या, सोबत झिंकची थैली किंवा टॉनिकची बाटली घ्या. वरून डीलरला लिंकिंग, डीलरकडून दुकानदाराला, दुकानदाराकडून शेतकऱ्याला. दुकानदारही त्यात भरडायचा, हे मी जवळून पाहिलं. पण शेवटची थैली बैलगाडीत पडायची ती शेतकऱ्याच्याच. छापील किमतीच्या वर दोन-तीनशे घेतले तर बिल मात्र छापील किमतीचंच. असं बिल लिहायला मी नाही म्हणायचो आणि त्यावरून मालकाशी माझे खटके उडायचे.

बिगर-बीटीच्या त्या १२० ग्रॅम पुडीचं काय व्हायचं? ती शेताच्या चारही बाजूंनी लावायची असायची, म्हणजे अळीला बिगर-बीटी झाडंही मिळतात आणि ती बीटीला सरावत नाही. हे कोणी समजावून सांगितलंच नाही. पुडीतलं माहितीपत्रक बारीक अक्षरात, बियाणं कित्येकदा धड उगवायचंही नाही, आणि दोन-तीन एकरांच्या मालकाला पाच ओळी बिगर-बीटीच्या सोडणं परवडत नसे. आमच्या दुकानाबाहेरच्या उकिरड्यावर हंगामात त्या पुड्यांचा खच पडायचा. त्याचा जबाब पुढं गुलाबी बोंडअळीनं मागितला.

भाव उतरवायला सरकारला चार वर्षं लागली. जानेवारी २००६ मध्ये आंध्र प्रदेश सरकार मक्तेदारी आयोगाकडे गेलं. इतर देशांच्या मानानं इथली आकारणी कितीतरी जास्त आहे, असं त्यांचं म्हणणं. आयोगानं मे महिन्यात शुल्क वाजवी करायला सांगितलं आणि पाकीट ७५० रुपयांवर आलं. महाराष्ट्रानंही तोच भाव धरला. पुढं २००९ साली महाराष्ट्रानं कापूस बियाण्याच्या पुरवठा-विक्री-किमतीचा स्वतंत्र कायदा केला. डिसेंबर २०१५ मध्ये केंद्राचा किंमत नियंत्रण आदेश आला आणि २०१६ च्या हंगामाला बोलगार्ड-२ चं पाकीट ८०० रुपये, त्यातलं शुल्क १६३ वरून ४९. मोन्सॅन्टोनं भारतातला धंदा फेरविचारात घ्यावा लागेल असं जाहीर सांगितलं. धंदा काही गेला नाही. शुल्क २०१८ ला ३९, २०१९ ला २० आणि २०२० ला शून्यावर आलं.

तोवर तंत्रज्ञान थकलं होतं. गुजरातेत बोलगार्ड-१ ला गुलाबी अळी दाद देत नाही, हे कंपनीनंच २०१० साली मान्य केलं. २०१७ च्या हंगामात ती विदर्भभर बोलगार्ड-२ मध्ये घुसली. वरून बोंड हिरवंगार, फोडलं तर आत अळी आणि कवडी कापूस. तेव्हा 'जी' फॉर्म हा शब्द प्रत्येकाच्या तोंडी आला. २००९ च्या कायद्याखाली बियाण्याची तक्रार करायचा तो नमुना. तो भरायला काय लागायचं? बिल, लॉट नंबर, पाकीट, टॅग. तालुका कृषी कार्यालयासमोर रांगा लागल्या आणि मी वर्षानुवर्षं ज्या कागदाबद्दल सांगत होतो तो कागद लोक घरोघर शोधू लागले. बऱ्याच जणांकडे नव्हता. पावतीपुस्तकांच्या जुन्या प्रतींवरून नकला देता येतील तितक्या आम्ही दिल्या.

त्या डिसेंबरात नागपूरच्या अधिवेशनात सरकारनं मदत जाहीर केली: कोरडवाहू हेक्टरी ३०,८०० आणि बागायती ३७,५०० रुपये. यातले हेक्टरी १६,००० बियाणे कंपन्यांकडून घ्यायचे होते. कंपन्यांनी जबाबदारी नाकारली आणि वाद कोर्टात गेला. त्यांचं म्हणणं, बीटीचं बियाणं दोषी नाही, अळीच सरावली. शास्त्राच्या दृष्टीनं ते खरंही असेल. पण अळी सरावेल हे ठाऊक असूनही त्याच नावानं, बोंडअळीला प्रतिकारक म्हणून पाकीट विकलं जात होतं. मग विकत घेणाऱ्याला ते कुणी सांगायचं?

विकत घेणारा, म्हणजे ग्राहक. ही साधी गोष्टही कोर्टातून पक्की करून घ्यावी लागली. पुण्यात १९७४ साली बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायत सुरू केली, १९८६ साली देशाचा ग्राहक संरक्षण कायदा झाला. पण बियाण्याच्या तक्रारीत कंपन्या म्हणत, शेतकरी व्यापारासाठी पेरतो, तो ग्राहक नाही. शिवाय बियाण्याचा नमुना प्रयोगशाळेत तपासल्याशिवाय दोष ठरत नाही. १६ जानेवारी २०१२ ला नॅशनल सीड्स कॉर्पोरेशन विरुद्ध एम. मधुसूदन रेड्डी या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं हे सगळं फेटाळलं. शेतकरी ग्राहक आहे. आणि जो माणूस आणलेलं सगळं बियाणं पेरून टाकतो त्याच्याकडून, पुढं भांडण होईल म्हणून थोडं शिल्लक ठेवण्याची अपेक्षा करता येत नाही. या निकालाचा मजकूर कुणीतरी मराठीत करून प्रत्येक कृषी केंद्राच्या भिंतीवर लावायला हवा होता. नव्या ग्राहक कायद्याखाली, २० जुलै २०२० पासून, आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे तक्रार करता येते. म्हणजे मंगरूळपीरच्या माणसाला वाशिमला. पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला फीसुद्धा नाही.

एवढं असूनही लोक दुसऱ्याच वाटेनं गेले. तणनाशक सहन करणारी, परवानगी नसलेली कपाशी, जिला आमच्याकडे 'चोर बीटी' म्हणतात, ती बिनबिलाची घरपोच मिळू लागली. १० जून २०१९ ला अकोट तालुक्यातल्या अकोली जहांगीरला शेतकरी संघटनेनं ती उघडपणे पेरून सत्याग्रह केला. पर्यावरण कायद्याखाली तेव्हा पाच वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंडाची तरतूद होती, तरी पेरली. निंदणीला मजूर मिळत नाही आणि मिळाला तर परवडत नाही, हे त्यामागचं दुःख मला पूर्ण कळतं. पण त्या थैलीचं बिल नाही. आत काय आहे ते विकणाराही सांगू शकत नाही, उगवलं नाही तर 'जी' फॉर्म भरता येत नाही, वाशिमला जाता येत नाही. इतक्या वर्षांत ग्राहक म्हणून जे थोडंफार मिळवलं ते आपण त्या थैलीसोबत सोडून देतो. ज्या सरकारनं या वाणाबद्दल हो किंवा नाही असं वेळेवर सांगितलं नाही, त्याच्यावर माझा रोष जास्त आहे.

सोयाबीनमध्ये मात्र आमच्या जिल्ह्यानं वेगळं काही केलं. २०२० च्या खरिपात राज्यभर सोयाबीन उगवलं नाही. खासगी कंपन्यांचं नाही, महाबीजचंही कित्येक ठिकाणी नाही. हायकोर्टाच्या औरंगाबाद खंडपीठानं स्वतःहून दखल घेतली. त्यानंतर कृषी खात्यानं घरच्या बियाण्याची मोहीम जोरात धरली. सोयाबीन सरळ वाणाचं असल्यानं ते जमतं. ओल्या गोणपाटावर शंभर दाणे ओळीनं मांडायचे, गुंडाळून सावलीत ठेवायचं, आठवड्यानं मोजायचं. सत्तर किंवा जास्त कोंब आले तर पेरायचं, कमी आले तर बियाण्याचं प्रमाण वाढवायचं. माझ्या सूनबाई हे काम माझ्यापेक्षा नेटकं करतात, आणि मे महिन्यात गल्लीतली चार घरं आपले दाणे घेऊन त्यांच्याकडे येतात.

कपाशीत तसं करता येत नाही. २०२५ च्या हंगामाला बोलगार्ड-२ च्या ४७५ ग्रॅम पाकिटाचा कमाल भाव ९०१ रुपये ठरला. शुल्क शून्य आहे, पेटंटची मुदत संपलेली आहे, गुलाबी अळी कधीच आत आलेली आहे, आणि तरी दर मे महिन्यात पाकीट विकतच आणावं लागतं. म्हणून अकोल्याच्या विद्यापीठाकडे आणि महाबीजकडे माझं मागणं एवढंच: आमच्या कोरडवाहू जमिनीला चालणारा, लवकर येणारा, सरळ वाणाचा बीटी कापूस पुरेसा पिकवा आणि मंगरूळपीरच्या दुकानात मृगाच्या आधी पोचवा. पाकिटावर मोठ्या मराठी अक्षरांत लिहा की याची सरकी पुढच्या वर्षी ठेवता येते, आणि गुलाबी अळीला हे वाण आवरत नसेल तर तेही त्याच अक्षरांत लिहा. बिल आम्ही डब्यात ठेवू.